जुन्या हवामान केंद्राची तपासणी व दुरुस्ती

मृगाचा पाऊस रात्रभर कोसळून गेला आहे, अंगणात ठेवलेले घमेले काठोकाठ भरले आहे, आणि ओसरीवरील हवामान केंद्राच्या पडद्यावर मात्र ‘०.६ मि.मी.’ एवढाच आकडा उमटला आहे. ज्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी आपल्या घरावर किंवा मळ्यात छोटे स्वयंचलित हवामान केंद्र बसविले, अशा पुष्कळ शेतकऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी कोणी यंत्राला दोष देऊन ते अडगळीत टाकतो. कोणी आकड्याकडे दुर्लक्ष करून पूर्ववत अंदाजाने कारभार चालवितो. या दोन्ही गोष्टी टाळण्याजोग्या आहेत. बहुतेक वेळा दोष यंत्राच्या मेंदूत नसून त्याच्या ज्ञानेंद्रियांत, म्हणजे ज्यांना बोलण्यात ‘सेन्सर’ म्हणतात त्या संवेदकांत असतो. आणि तेथेही तो धूळ, पाणी, गंज किंवा तुटलेली तार यांपैकीच एखादा असतो.

घमेले भरलेले असताना पडद्यावर शून्य दिसले, तर चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका त्या यंत्रात आहे, जे चालू असते आणि थोडेसे चुकते. बंद यंत्रावर कोणी विसंबत नाही; थोडे चुकणाऱ्या यंत्रावर मात्र सर्वजण विसंबतात.

चुकीच्या आकड्याची किंमत

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हेक्टरचा हिशेब केला तर ते १०,००० लिटर व एकराचा केला तर सुमारे ४,००० लिटर होते. पर्जन्यमापकाने २० मि.मी. पावसाचे १० मि.मी. सांगितले, तर एकरी सुमारे ४०,००० लिटर पाणी हिशेबातून नाहीसे होते. शेतकरी ठिबकचा संच पुन्हा चालू करतो. वीज खर्च होते, मुळांशी पाणी साचते आणि दिलेले खत वाहून जाते.

उलट चूक अधिक महाग पडते. खरिपात ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असा सल्ला कृषि विभाग देत आला आहे. समजा, प्रत्यक्ष पाऊस ६० मि.मी. झाला आणि बिघडलेल्या यंत्राने ९० मि.मी. दाखविले. शेतकऱ्याने त्या भरवशावर सोयाबीन पेरले आणि पुढे पंधरवडाभर पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट उभे राहते. बियाणे, खत व मजुरी तर जातेच; पण हंगामातील मोलाचे दिवसही जातात.

द्राक्षबागेत हीच गोष्ट पानावरील ओलाव्याविषयी आहे. केवडा रोगाच्या लागणीला पानावर प्रत्यक्ष पाणी लागते. भुरीला तसे लागत नाही. ओलावा मोजणारा संवेदक दिवसभर ‘ओले’ असे सांगू लागला, तर अनावश्यक फवारण्या होतात. तो ‘कोरडे’ असे सांगत राहिला, तर हवी ती फवारणी राहून जाते आणि बागाईतदाराला त्याचा पत्ता घड खराब झाल्यावर लागतो.

पाऊस मोजण्याची गरज आपल्या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापाशी पाऊस मोजण्याचे ठरावीक रुंदीचे कुंड ठेवण्यास सांगितले आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि १९३२ साली पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषि हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. साधने बदलली, पण माप खरे असले पाहिजे हा नियम तोच राहिला आहे.

आधी जागा पाहावी

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी यंत्राची जागा पाहावी. पाच वर्षांपूर्वी जेथे मोकळे आकाश होते, तेथे आज शेवगा वाढलेला असतो किंवा शेजारी नवी खोली उठलेली असते. पर्जन्यमापकापासून कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. तो अडथळा पाच मीटर उंच असेल तर अंतर दहा मीटर हवे. तापमापक तापलेल्या पत्र्याच्या छपरावर असेल, तर तो हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगतो. अशा ठिकाणी संवेदक बदलून काहीच साधत नाही. जागाच बदलावी लागते.

त्यानंतर बॅटरी पाहावी. खांबावरील पेटीतील सेल उतरले की नोंदी तुटक येतात किंवा पडद्यावर रेघा दिसू लागतात. अल्कलाइन सेल गळले असतील तर पत्तीवर पांढरट थर चढतो. तो लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावा, मग स्वच्छ ओल्या कापडाने पुसून पूर्ण सुकवावा. हे करताना हातमोजे घालावेत व डोळे सांभाळावेत.

तिसरी तपासणी तारेची. उंदीर तार कुरतडतात आणि उन्हाने तिचे आवरण तडकते. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात पाणी पितो. असा जोड कापून टाकावा, तारेला कथलाचा डाग देऊन त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी आणि तार पाइपमधून न्यावी. पेटीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते व पेटीत जात नाही.

पर्जन्यमापक : सर्वांत अधिक बिघडणारा, सर्वांत सोपा

घरगुती केंद्रातील पर्जन्यमापकात नरसाळ्याखाली तराजूसारखी डोलणारी जोडवाटी असते. एक वाटी ठरावीक पाण्याने भरली की ती उलटते व दुसरी वर येते. प्रत्येक उलटीबरोबर वाटीचे छोटे चुंबक एका काचेच्या नळीतील कळीजवळून जाते. या कळीला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ येताच तिच्या आतील दोन पात्या क्षणभर चिकटतात आणि यंत्र एक ठोका मोजते. एक ठोका म्हणजे किती पाऊस, हे यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेले असते. पुष्कळ यंत्रांत ते ०.२ मि.मी. असते.

नरसाळे काढून आत पाहिले की निम्म्याहून अधिक रोगांचे निदान तेथेच होते. कडुनिंबाची काडी, पक्ष्याची विष्ठा, कोळ्याचे जाळे, मुंग्यांनी आणलेली माती किंवा कुंभारीण माशीने बांधलेले घर, यांपैकी काहीतरी भोकात किंवा वाटीखाली सापडते. नरसाळे साध्या पाण्याने धुवावे आणि भोक मऊ काडीने मोकळे करावे. वाट्या मऊ ब्रशने हलकेच स्वच्छ कराव्यात. वाटीच्या आतून बोट फिरवू नये व तेल लावू नये, कारण तेलकट पृष्ठभागावर पाण्याचा थेंब चिकटून राहतो व माप बिघडते. शेवटी पाणसळ लावून यंत्र सर्व बाजूंनी समपातळीत आणावे. यंत्र कलले की एक वाटी लवकर व दुसरी उशिरा उलटते.

आता कसोटी घ्यावी. तिला खर्च जवळजवळ नाही. प्रथम नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ काढावे. तोंड गोल असेल तर त्रिज्येचा वर्ग करून त्यास ३.१४ ने गुणावे. चौकोनी असेल तर लांबीस रुंदीने गुणावे. जितके चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, तितके मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मि.मी. पाऊस. हा नियम पाठच करून ठेवावा. तोंडाचा व्यास १६ सें.मी. असेल तर क्षेत्रफळ सुमारे २०१ चौ.सें.मी. होते, म्हणून २०१ मि.लि. पाणी ओतल्यास १० मि.मी. पाऊस दिसला पाहिजे आणि ०.२ मि.मी.च्या वाटीने सुमारे ५० ठोके दिले पाहिजेत. तोंड ११ सें.मी. लांब व ५ सें.मी. रुंद असेल, तर ५५ मि.लि. पाणी पुरे.

पाणी सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे आणि अगदी सावकाश सोडावे. औषधांच्या दुकानात मिळणारा सलाइनचा संच या कामाला उत्तम. त्याची चकती फिरवून थेंबांची गती ठेवता येते. तो नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र पाडावे. सगळे पाणी उतरण्यास निदान अर्धा तास लागावा. एकदम ओतले तर वाटी उलटत असताना पडणारे पाणी मोजले जात नाही व यंत्र खरे असूनही कमी दाखविते. मुसळधार पावसात अशी थोडी तूट येते, हेही यावरून ध्यानात येईल.

५० ऐवजी ४८ ते ५२ ठोके आले तर यंत्र ठीक समजावे. फरक अधिक असेल, तर प्रथम प्रदर्शकात भरलेले वाटीचे माप खऱ्या वाटीशी जुळते की नाही ते पाहावे. ते जुळत असेल तरच वाट्यांखालील टेकूच्या स्क्रूंकडे वळावे. ठोके जास्त येत असतील तर दोन्ही स्क्रू सारखेच थोडे खाली घ्यावेत; वाटीला उलटण्यास अधिक पाणी लागेल. कमी येत असतील तर वर घ्यावेत. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि प्रत्येक बदलानंतर कसोटी पुन्हा घ्यावी. कसोटीचे हे पाणी पावसाच्या नोंदीत शिरते. म्हणून ती नोंद पुसावी किंवा वहीत तसे लिहून ठेवावे. नाही तर मे महिन्याच्या हिशेबात न पडलेला पाऊस कायमचा राहतो.

वाटी नीट उलटते, पण आकडा हलत नाही, असे असेल तर दोष कळीत, चुंबकात किंवा तारेत आहे. तार प्रदर्शकापासून सोडवावी आणि मल्टीमीटर जोड तपासण्याच्या खुणेवर ठेवून वाटी हाताने उलटवावी. प्रत्येक उलटीला क्षणभर आवाज यावा. आला नाही, तर दुसरे चुंबक कळीजवळ नेऊन पाहावे. तेव्हा आवाज आला तर वाटीचे चुंबक सुटलेले किंवा क्षीण झालेले आहे. तरीही न आला तर कळ किंवा तार खराब आहे. रीड स्विच स्वस्त मिळतो, पण त्याची काच नाजूक असते. त्याची तार वाकविताना काचेजवळ चिमट्याने धरावी, म्हणजे जोर काचेवर येत नाही. डाग देण्याची सवय नसेल, तर हे काम मोबाइल किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे.

पाऊस नसताना ठोके पडत असतील, तर वाऱ्याने खांब हलतो आहे किंवा तारेच्या जोडात ओल शिरली आहे असे समजावे. खांबाला ताण द्यावेत आणि जोड नवा करावा.

तापमान व आर्द्रता

स्कॉटलंडमधील दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात तापमापकासाठी झडपांची पांढरी पेटी योजली. आजच्या घरगुती केंद्रातील एकावर एक बसविलेल्या पांढऱ्या थाळ्या हे त्याच पेटीचे छोटे रूप होय. ऊन आत येऊ नये व वारा मात्र खेळावा, हा दोहोंचा हेतू. थाळ्या उन्हाने पिवळ्या पडल्या किंवा धुळीने माखल्या की त्या ऊन शोषतात आणि दुपारचे तापमान वाढून दिसते. थाळ्या सुट्या करून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. संवेदक मात्र आधी बाजूला काढावा. ज्या केंद्रात छोटा पंखा असतो, तेथे तो फिरतो की नाही तेही पाहावे.

तापमानाचा संवेदक पाणबंद नळीत असेल, तर बर्फाची कसोटी घ्यावी. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ भरावा, त्यात जेमतेम मुरेल एवढे थंड पाणी घालावे, नळी मध्यभागी धरून हलके ढवळावे आणि दहा मिनिटांनी आकडा वाचावा. तो ०° सें. असावा. अर्ध्या अंशाचा फरक चालतो. तापमान व आर्द्रता एकाच उघड्या चकतीत मोजणारे संवेदक मात्र पाण्यात कधीही बुडवू नयेत. ते खात्रीच्या तापमापकाशेजारी सावलीत, बंद डब्यात रात्रभर ठेवून आकडे ताडावेत.

आर्द्रतेची कसोटी घरातील मिठानेच होते. घट्ट झाकणाच्या डब्यात छोट्या वाटीत मीठ घ्यावे आणि ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. मिठाला स्पर्श होणार नाही अशा रीतीने संवेदक डब्यात ठेवावा, झाकण लावावे आणि डबा खोलीत एका जागी रात्रभर राहू द्यावा. अशा मिठावरील हवेची सापेक्ष आर्द्रता २५° सें. तापमानाला सुमारे ७५ टक्के असते. सकाळी पडद्यावर ७० ते ८० यांमधील आकडा असेल तर संवेदक कामाचा आहे. फरक अधिक पण दर वेळी सारखाच येत असेल, तर तेवढी दुरुस्ती यंत्रात किंवा वहीत करावी. एप्रिलच्या कडक दुपारीही जो संवेदक ९९ टक्क्यांवर अडकून बसतो, तो बदलावाच लागतो.

या संवेदकाचे आयुष्य धूळ व औषधांच्या वाफांमुळे घटते. फवारणीच्या वेळी पेटीवर पिशवी बांधावी व काम संपताच न विसरता सोडावी. स्पिरिट किंवा अन्य द्रावकाने तो पुसू नये.

वारा व पानावरील ओलावा

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या मंद वाऱ्यात थांबत असतील, तर बेअरिंगमध्ये धूळ शिरली आहे. वाट्यांचा दांडा बोटाने फिरवून पाहावा; तो खरखर न करता फिरावा आणि हळूहळू थांबावा. उघड्या बेअरिंगला शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. ग्रीस भरू नये, त्याला धूळ चिकटते. माहितीपत्रकात तेल देण्यास मनाई असेल किंवा बेअरिंग बंद प्रकारचे असेल, तर ते बदलावे. तडकलेली वाटीही बदलावी. आकड्याची ढोबळ पारख झाडांवरून होते. चेहऱ्याला वारा लागतो व पाने सळसळतात तेव्हा वेग ताशी ६ ते ११ कि.मी. असतो, पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की तो १२ ते १९ कि.मी. समजावा. अशा वाऱ्यात पडद्यावर शून्य असेल, तर पर्जन्यमापकाप्रमाणेच येथील कळ व चुंबक तपासावे.

वाऱ्याची दिशा चुकत असेल, तर खांब फिरला आहे काय ते प्रथम पाहावे. निरभ्र रात्री ध्रुव ताऱ्याकडे पाहून उत्तर निश्चित करावी आणि यंत्रावरील उत्तरेची खूण तिकडे वळवावी.

पानावरील ओलावा मोजणाऱ्या पट्टीवर औषधाचा थर बसला की ती कोरडी असूनही ओली भासते. ती स्वच्छ पाण्याने व मऊ कापडाने पुसावी. मग तिच्यावर पाण्याचा बारीक तुषार मारावा. आकडा लगेच चढला पाहिजे व पट्टी सुकताच उतरला पाहिजे. पट्टीवरील धातूच्या रेघा झिजल्या किंवा हिरवट पडल्या असतील, तर ती बदलावी.

मर्यादा ओळखाव्यात

यंत्राच्या मुख्य पाटीत बिघाड असेल, तर तेथे घरी हात घालू नये. ढग गडगडत असताना खांबावर चढू नये. विजेच्या तारांजवळ लोखंडी खांब उभा किंवा आडवा करू नये. महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे सार्वजनिक उपयोगाची आहेत. त्यांना कोणी स्पर्श करू नये. त्यांच्या नोंदीविषयी शंका आली, तर कृषि कार्यालयाकडे लेखी कळवावे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई ठरविलेल्या संदर्भ केंद्रांच्या नोंदींवरून निश्चित होते, घरच्या केंद्रावरून नव्हे. घरचे केंद्र पाणी, पेरणी व फवारणी यांचा रोजचा निर्णय घेण्यासाठी आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट सांगावे.

साधा साक्षीदार जवळ ठेवावा

स्वयंचलित केंद्राशेजारी हाताने मोजण्याचा साधा पर्जन्यमापक जरूर ठेवावा. तो नसेल तर सरळ कडांचा, सपाट तळाचा डबाही चालतो. त्यात साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की तोच पाऊस. रोज सकाळी ८.३० वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेस, दोन्ही आकडे एका वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. लागोपाठ दोन-तीन पावसांत ते दूर जाऊ लागले, की नरसाळे उघडण्याची वेळ आली असे समजावे.

वर्षातून दोन वेळा, मृगापूर्वी व द्राक्षाच्या फळछाटणीपूर्वी, ही सर्व तपासणी करावी. गावात अशी चार-पाच केंद्रे असतील, तर कार्यकर्त्यांनी एक दिवस ठरवून सर्वांची कसोटी एकाच जागी घ्यावी. एक सिरिंज, एक मल्टीमीटर, एक पाणसळ व मूठभर मीठ एवढ्या साहित्यावर संपूर्ण गावाचे काम होते. शाळेतील मुलांना ठोके मोजण्यास बसवावे. पाऊस कसा मोजतात हे ती जन्मभर विसरणार नाहीत.

पावसावर कोणाची सत्ता चालत नाही. परंतु तो किती पडला हे नेमके जाणणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावेच लागते असे नाही. जुने यंत्र उघडावे, स्वच्छ करावे आणि मोजलेल्या पाण्याने त्याची परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेस जे उतरेल, त्याच आकड्यावर पेरणीचा मुहूर्त ठरवावा.